आजोबांची खून

आमच्या मंडळाच्या गणपतीत नाटक बसतं, त्याला दोनच कारणं असतात. एकतर कोणालातरी लिहायची हुक्की येते, नाहीतर हॉल चुकून चार तासांसाठी घेतला जातो. २००६ साली दोन्ही झालं होतं.

ऑगस्टचा पहिला आठवडा. बीस्टनच्या घरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी ओसीआयचे फॉर्म पसरून बसले होते. पासपोर्ट बदललेल्या आम्हा लोकांसाठी भारत सरकारने आयुष्यभराच्या व्हिसाची सोय नुकतीच काढली होती आणि नॉटिंगहॅममधलं प्रत्येक मराठी घर त्या उन्हाळ्यात जुने भारतीय पासपोर्ट शोधत होतं. आमचे माळ्यावर आहेत एवढं जयंत खात्रीने सांगत होते. वर चढून काढायचं म्हटलं की मात्र त्यांचा गुडघा दुखायचा.

(मी त्यांना 'अहो' म्हणते. नाव लिहितानासुद्धा हात जरा थबकतो.)

तेवढ्यात उल्हासचा फोन आला. उल्हास कौन्सिलमध्ये पार्किंगच्या तक्रारी वाचतो आणि उरलेल्या वेळात नाटकं लिहितो.

"अरुणाताई, ह्या वेळी आपल्याकडे जर्मन हेर आहे. संस्थानाचा हिरा चोरायला आलेला. वरद करतोय."

"वरद? तो गोड मुलगा?"

"तोच तर प्रॉब्लेम आहे ना! एंट्री घेतली की वाटतं कोणाचातरी टेकअवे घेऊन आलाय. त्याच्या गालावर वण पाहिजे. मोठा. आपल्या जयंतरावांसारखा. बघितल्याबरोबर पब्लिकला कळलं पाहिजे, हा व्हिलन."

"म्हणजे जयंतराव व्हिलन दिसतात असं म्हण ना सरळ."

"अहो ताई, तसं नाही हो..."

मी हसत फोन ठेवला. समोर जयंत पेपर वाचत होते. ते हसले नाहीत.

तो वण डाव्या गालावर होता. गालाच्या हाडाखालून निघून ओठाच्या कोपऱ्याजवळ संपणारा, सरळ, पांढरट, टोकाला जरासा वळलेला. त्याची गोष्ट मंडळात सगळ्यांना पाठ होती. १९७१चा हिवाळा. जयंत जर्मनीत इंजिनियरिंग शिकत होते. त्यांच्या खोलीत मुरलीधर म्हणून एक भित्रा मुलगा राहायचा. बियरच्या टेबलावर त्याची एका तलवारबाज टोळीतल्या पोराशी बाचाबाची झाली आणि प्रकरण आव्हानावर गेलं. तिथल्या विद्यार्थ्यांत जुनी रीतच होती. डोळ्यांवर जाळीचा चष्मा, मानेला गुंडाळलेली पट्टी, गाल तेवढे उघडे. हातभर अंतरावर उभं राहायचं. मागे सरकायचं नाही. वार आला तरी तोंड फिरवायचं नाही. मुरलीधर रडायला लागला. मग जयंत म्हणाले, तू बाहेर थांब, मी उभा राहतो. गावाबाहेरच्या एका कोठारात, पहाटेचं धुकं असताना.

"वार आला," जयंत सांगायचे, आणि इथे नेहमी एक क्षण थांबायचे, "पण मान एवढीशी हलवली नाही."

मुरलीधरचं पुढे काय झालं असं कोणी विचारलंच, तर म्हणायचे, घरी गेला तो परत आलाच नाही. लोक हसायचे. मीही हसत आले.

डिसेंबर १९७५ मध्ये साताऱ्याला ते मला बघायला आले, तेव्हा मावशीने नाक मुरडलं होतं. फॉरेन रिटर्न आहे, पण तोंडावर केवढं ते! आम्हाला बोलायला दोन मिनिटं दिली होती. मी विचारलं, हे काय लागलं? ते म्हणाले, "मित्रासाठी घेतला." मी अकरावी पास मुलगी. मित्रासाठी गाल पुढे करणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता, आणि तो इंजिनियर आहे हे मला नंतर कळलं. मी हो म्हटलं ते त्या वणाला.

आमच्या नातीलाही त्याचं फार कौतुक. सिया सहा वर्षांची, जन्म इथला. आई हॉस्पिटलमध्ये नोकरीला, म्हणून शाळेच्या सुट्टीत दिवसभर आमच्याकडे. मराठी बोलायची ती मजेत, पण 'ण' म्हणून तिला यायचा नाही. पानी, लोनी, कोन. आणि आजोबांच्या मांडीवर बसून त्यांच्या गालावरून बोट फिरवत म्हणायची, "आजोबांची खून."

"खूण गं राणी. जीभ वर ने. ण."

"खून," ती मन लावून म्हणायची.

"पोलीस येतील हां बघ," जयंत म्हणायचे, आणि आम्ही तिघंही हसायचो.

*

मेकअप मी कुठे शिकले नाही. बीस्टनच्या लायब्ररीतली पुस्तकं आणि घरातले चेहरे, एवढंच माझं कॉलेज. पंधरा वर्षांत मी तीन शिवाजी केले, बारा म्हातारे केले, एकदा जळालेली सासू केली ती बघून खऱ्या सासूबाईंनी दोन दिवस अबोला धरला. वण मात्र कधी केला नव्हता. त्यासाठी कलोडियन नावाचं द्रव मिळतं. छोटी बाटली, ईथरचा वास, आत ब्रश. त्वचेवर रेघ ओढली की वाळताना ते आक्रसतं आणि कातडी आत ओढून धरतं. तीन-चार थर दिले की जुन्या जखमेसारखी खोबण पडते. चुणचुणतं, पण इजा होत नाही. नंतर सोलून निघतं.

पुस्तकात त्या जर्मन वणांचीही माहिती सापडली. मला गंमत वाटली ती ही, की कादंबऱ्यांत असा वण सरसकट खलनायकाच्या गालावर असतो आणि खऱ्या आयुष्यात तो मिरवायचा दागिना होता. वण दिसला की मुलींचे बाप खूश व्हायचे. हा माणूस तोंड फिरवणार नाही, ह्याचा तो लेखी पुरावा. बहुतेक वण डाव्या गालावर, कारण समोरचा उजव्या हाताने मारणार.

"अहो, ऐका ना," मी जयंतना म्हणाले, "काही महाभाग जखमेत घोड्याचे केस भरून ठेवायचे म्हणे, वण ठसठशीत यावा म्हणून. आणि काही तर आरशासमोर उभं राहून वस्तऱ्याने स्वतःच—"

ते कप विसळत होते. नळ सुरूच ठेवून बागेत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना खिडकीजवळ बसवलं, गालावर बटर पेपर धरला आणि बारीक पेन्सिलीने वण छापून घेतला. साडेसात सेंटिमीटर भरला. ते डोळे मिटून बसले होते. इतक्या वर्षांत इतक्या जवळून, इतक्या उजेडात तो मी कधी पाहिला नव्हता. वरच्या टोकाला, जिथे सुरू होतो तिथे, तीन अगदी बारीक तिरक्या रेघा होत्या. सही करण्याआधी पेन चालतंय का बघतात, तशा. मी त्या सुरकुत्या समजत होते. चित्र नीट यावं म्हणून मी त्याही छापल्या.

*

तालमी चर्चच्या मागच्या हॉलमध्ये, शनिवारी सकाळी. वरद पुण्याचा, वर्क परमिटवर आलेला, सत्तावीस वर्षांचा, बसमध्ये दोनदा थँक्यू म्हणणारा. नाटकातला नायक परीक्षित हा दाताचा डॉक्टर. त्याच्या हातात प्लायवुडची तलवार होती, तिला स्वयंपाकघरातली फॉइल गुंडाळलेली. शेवटच्या प्रवेशात तो ती वरदच्या तोंडासमोरून फिरवायचा आणि वरद प्रत्येक वेळी डोळे मिटून एक पाऊल मागे जायचा.

"अरे, जर्मन हेर आहेस तू!" उल्हास ओरडायचा. "डेंटिस्टला काय घाबरतोस?"

"सर, घाबरत नाही. आपोआप होतं."

त्या शनिवारी मी बटर पेपर शेजारी ठेवून त्याच्या गालावर पहिल्यांदा वण काढला. तीन बारीक रेघांसकट. थर वाळत गेले. माझा मलाच अभिमान वाटला.

"काकू, गरम लागतंय."

"गार लागायला हवं रे. ईथर आहे."

"नाही. गरम."

शेवटचा प्रवेश आला. परीक्षितने तलवार फिरवली. जरा जास्तच जवळून गेली, फॉइलचा फाटका तुकडा वरदच्या नाकाला लागला असेल. वरद हलला नाही. पापणीसुद्धा नाही. परीक्षितच दचकून थांबला.

"जमलं की!" उल्हास म्हणाला, पण जरा हळू.

मी वण सोलायला गेले तेव्हा पाहिलं. वरच्या टोकाच्या तीन रेघा नव्हत्या. तिथे वण एकदम, एका झटक्यात सुरू होत होता. रेघा घामाने गेल्या असतील म्हणून मी विषय सोडून दिला.

घरी आल्यावर सिया आजोबांच्या मांडीवर बसली होती. गालावर बोट फिरवता फिरवता थांबली.

"आजी, आजोबांची खून छोटी झाला."

"झाली," मी सवयीने म्हणाले.

"हो. झाली."

जयंत जेवायला बसल्यावर मी निरखून पाहिलं. उन्हाळा होता, माणूस रापतो, कातडीचा रंग बदलतो. दुपारी ते खुर्चीत झोपले तेव्हा मी बटर पेपर आणला आणि अलगद गालावर धरला. कागदावरची रेघ ओठापर्यंत येत होती. गालावरची बोटभर वरच संपत होती.

मी कागद घडी करून पिठाच्या डब्याखाली ठेवला. अशा वेळी आपण काय करतो? मी कणीक मळली.

*

पुढच्या शनिवारी तसंच झालं, आणि त्याच्या पुढच्या शनिवारीही. मी वरदच्या गालावर वण काढायचे, तो गरम लागतंय म्हणायचा, आणि घरी वण कमी व्हायचा. जयंत आता दार लावून दाढी करत. त्यांनी खिडकीजवळची खुर्ची बदलली. सियाला मांडीवर घ्यायचे तेव्हा उजवीकडे घ्यायचे. मी काही विचारलं नाही. ते सांगतील असं मला वाटत होतं. तीस वर्षांत मी एवढं तरी कमावलं असेल असं वाटत होतं.

तिसऱ्या शनिवारी मी वण सोलत असताना वरद म्हणाला, "काकू, जयंता कोण?"

माझा हात थांबला. मंडळात त्यांना जयंतराव म्हणतात, नाहीतर काका. जयंता म्हणायच्या त्या त्यांच्या आई, त्या वारल्या त्याला आठ वर्षं झाली होती.

"का रे?"

"हे वाळताना ना, कानाशी कोणीतरी बोलल्यासारखं वाटतं. दरवेळी तेच. मला आधी वाटलं परीक्षित मस्करी करतोय."

"काय म्हणतं?"

तो ओशाळून हसला. "'जयंता, रडू नकोस. तू बाहेर थांब. मी उभा राहतो.'"

माझ्या बोटांवर तो सोललेला वण होता. पातळ, पारदर्शक, कांद्याच्या पापुद्र्यासारखा. अजून कोमट.

त्या दिवशी घरी आल्यावर मी शिडी लावली. जयंत आणि सिया बागेत टोमॅटो काढत होते. पासपोर्ट माळ्यावर बिस्किटांच्या जुन्या डब्यात होते. माझा होता, त्यांचे दोन होते. एक मुंबईचा, जर्मनीला जायच्या आधीचा. दुसरा जर्मनीतल्या आपल्या वकिलातीने दिलेला, मार्च १९७४चा.

त्या काळच्या पासपोर्टमध्ये एक रकाना असायचा. दिसणारी ओळखीची खूण. कोणीतरी कारकून समोरच्या माणसाच्या तोंडाकडे नीट बघून तो शाईने भरायचा. माझ्यात लिहिलंय, हनुवटीवर तीळ. जयंतच्या ह्या दुसऱ्या पासपोर्टात सुंदर वळणदार अक्षरात लिहिलं होतं: उजव्या कानामागे तीळ.

बस्स. तेवढंच.

शेजारी फोटो होता. चोवीस-पंचवीस वर्षांचे जयंत, भरपूर केस, रुंद कॉलर, चेहरा डावीकडून जरा पुढे. मी शिवणाच्या टोपलीतलं भिंग आणलं आणि बराच वेळ बघत बसले. गाल स्वच्छ होता. १९७१च्या हिवाळ्याला सव्वादोन वर्षं होऊन गेलेला गाल.

म्हणजे वण आला तो १९७४च्या मार्चनंतर आणि मला बघायला येण्याआधी.

मला त्या तीन बारीक रेघा आठवल्या. पेन चालतंय का बघतात तशा. उजव्या हाताने, आरशात बघून. पहिल्यांदा धीर झाला नाही. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदाही नाही.

खाली बागेतून सियाचं हसणं ऐकू येत होतं. मी डबा बंद केला. फॉर्मला जोडायला झेरॉक्स लागणार होती, म्हणून पासपोर्ट तेवढा खाली आणला आणि टेबलावर उघडा ठेवला. त्याच पानावर.

संध्याकाळी तो मिटलेला होता. मी आमटीत मीठ दोनदा घातलं, जयंत तेही मुकाट्याने जेवले.

*

कार्यक्रम तीन सप्टेंबरला, रविवारी. नाटक दुपारी तीनला. दीडशे लोक, मोदक, लाऊडस्पीकरची कुई. स्टेजमागे स्पोर्ट्सचं सामान ठेवायची खोली होती, तीच माझी मेकअप रूम. बास्केटबॉलची जाळी, व्यायामाच्या गाद्या, एक आरसा.

अडीचला वरद आला आणि खुर्चीत बसला. मी बाटली उघडली, ब्रश पुसला आणि त्याच्या चेहऱ्याकडे वळले.

वण होता.

"कोणी काढला?" मी विचारलं.

"काय काकू?"

मी त्याच्या गालाला बोट लावलं. कलोडियन नव्हतं. कातडी होती. हाडाखालून सुरू होऊन ओठापाशी वळणारी, एका वाराची. तीन रेघा नव्हत्या. मी त्याला आरशाकडे वळू दिलं नाही. पावडर लावली, कोट चढवला, जा म्हटलं.

तो दारातून बाहेर पडला आणि जयंत आत आले. गळ्यात मफलर होता. सप्टेंबरात. आत येऊन त्यांनी दार लावलं आणि मफलर काढला.

डावा गाल पासपोर्टातल्या फोटोसारखा होता. फक्त म्हातारा.

"अरुणा," ते म्हणाले, "काढून दे."

मी ब्रश पुसत राहिले.

"बाहेर सगळे आहेत. मध्यंतरात नवीन लोकांना भेटायचंय. विचारतील. तुला येतं ना? तू केलंस की त्या मुलाचं."

"मुरलीधर घरी गेला म्हणता," मी म्हणाले. "तो कसा गेला?"

ते खुर्चीत बसले. बाहेर कोणीतरी माइकवर 'हॅलो, चेक' म्हणत होतं.

"जखम चिघळली. आम्ही डॉक्टरकडे नेलं नाही. पोलिसांना कळलं असतं."

"आम्ही कोण?"

"मी."

"आणि आव्हान कोणाला होतं?"

त्यांनी आरशाकडे पाहिलं नाही. "त्याच्या आईला पत्र लिहायला मला सांगितलं होतं. मी लिहिलं, तापाने गेला." मग घड्याळाकडे बघून, "अरुणा, अडीच वाजून गेले."

मला रडू आलं नाही. मला त्या सगळ्या दिवाळ्या आठवल्या, सगळे गणपती, सगळे पन्नासावे वाढदिवस. मुरलीधर रडायला लागला, म्हणताना ह्यांनी केलेला तो आवाज. चकल्यांचं ताट हातात घेऊन हसणारी मी.

मी ब्रश बुडवला. ईथरचा वास सुटला. हाडाखाली ब्रश टेकवला मात्र, त्यांनी मान बाजूला घेतली.

"लागलं?"

"नाही. काढ तू."

मी पुन्हा टेकवला. पुन्हा मान हलली. ते माझ्याकडे बघत नव्हते. माझ्या खांद्यावरून मागे बघत होते, जिथे गाद्या रचल्या होत्या. तिथे कोणी नव्हतं. हातभर अंतरावर.

तिसऱ्यांदा.

गालावर वरच्या टोकाला तीन बारीक रेघा उमटल्या होत्या. तिरक्या.

"हलू नकोस, जयंता," मी म्हणाले.

लग्नानंतर मी त्याला कधी एकेरी हाक मारली नव्हती. आवाज माझाच होता, असं मला अजून वाटतं. जयंत पांढरा पडला.

चौथ्या वेळी मी डाव्या हाताने त्याची हनुवटी पकडली, लहान मुलाची पकडतात तशी, आणि वण काढला. दया आली म्हणून नाही. बाहेर दीडशे माणसं होती आणि त्यांच्या तोंडाकडे मला बघायचं नव्हतं. एवढंच कारण. हे मी कुठे सांगितलेलं नाही.

नाटक चांगलं झालं. मध्यंतरात चिंचोक्यासारख्या डोळ्यांची एक नवीन मुलगी जयंतला विचारत होती, काका, हे काय लागलं? त्याने सांगितलं. कोठार, धुकं, सगळं. मुरलीधर रडायला लागला इथे सगळे हसले. मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. मी मोठ्याने हसले नाही, पण गप्प बसले, ते हसण्यासारखंच झालं.

शेवटच्या प्रवेशात वरद असा उभा राहिला की पहिल्या रांगेतल्या बायकांनी तोंडावर हात घेतला. पडदा पडल्यावर तो माझ्याकडे आला तेव्हा त्याचा गाल गुळगुळीत होता. तुम्हीच सोलला ना काकू, म्हणाला. मी हो म्हणाले. आता आठवतही नाही म्हणतो तो. पुढच्या वर्षी त्याला मेडनहेडला नोकरी लागली, दिवाळीला कार्ड पाठवतो.

*

त्यानंतरचा रविवार. दुपारचं जेवण. जयंतच्या गालावर माझा वण होता. ओसीआयचा फोटो काढायचा होता, आणि दुकानातही लोक ओळखीचे असतात, म्हणून सकाळीच काढून दिला होता. आता ते रोजचंच झालं होतं, चहासारखं. तो रोज तीनदा मान हलवायचा, मी रोज हनुवटी धरायचे.

सिया ताटं मांडत होती. एक आजीचं, एक आजोबांचं, एक स्वतःचं. मग तिने कपाटातून चौथं काढलं आणि जयंतच्या समोर मांडलं.

"हे कोणाचं गं?"

"त्या आजोबांचं," ती म्हणाली. "आजी, पाणी दे ना."

मी जग उचलला आणि तसाच धरून राहिले.

"परत म्हण."

"पाणी," सिया म्हणाली. स्पष्ट. जीभ वर नेऊन. "लोणी. कोण. मला आता ण येतो."

"कोणी शिकवलं?"

तिने समोरच्या खुर्चीकडे पाहिलं, जसं आपण शाळेतल्या बाईंकडे बघतो, उत्तर बरोबर आहे ना अशा नजरेने. खुर्ची टेबलापासून थोडी मागे सरकलेली होती. हातभर.

"मग," मी विचारलं, आणि मी का विचारलं ते मला आजही कळत नाही, "मग आजोबांच्या गालावर काय आहे?"

"तू चुकतेस आजी," सिया समजूत घातल्यासारखी म्हणाली. "दोन वेगळे असतात. ती खूण. आणि तो खून." तिने रिकाम्या खुर्चीकडे बोट केलं. "खूण त्यांची आहे."

मग बोट वळवून ती तिच्या आजोबांकडे बघायला लागली.

"आणि तो—"

कोणीच हललं नव्हतं. जयंतने डोळे मिटून मान बाजूला घेतली.